महाबळेश्वरची गुहा आणि साथीची खबर

१/ मार्च २०२०. देशाचे लक्ष कोरोनाकडे लागले असताना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी महाबळेश्वरच्या एका गुहेत जाळी लावून वटवाघळे पकडली. तपासणीत त्यांच्यात निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. माणूस आजारी पडण्याआधीच धोक्याची खबर मिळाली होती.

२/ या गावाचे आरोग्याशी नाते जुने. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून येथे आरोग्यधाम वसवले. पुढे मुंबई सरकार उन्हाळ्यात येथूनच कारभार पाहू लागले.

३/ सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. सरकारपाशी तारायंत्र होते, रेल्वे होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदाही आला. तरीही खरी माहिती हाती येईना. पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे शिपाई घरे झडत होते, रुग्णांना घरच्यांपासून तोडून नेत होते. त्या धास्तीने लोक आजारी माणसे लपवू लागले. जे घरातून बाहेरच पडले नाही, ते तारेने कसे कळावे?

४/ त्याच पुण्यात सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

५/ आता तारेची जागा संगणकाने घेतली आहे. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण सुरू झाले. आरोग्यसेविकेने लक्षणे नोंदवायची, डॉक्टरांनी संशयित रोग कळवायचा, प्रयोगशाळेने खात्री करायची, अशी त्याची रचना. आठवड्याच्या कागदी अहवालांची जागा घेण्यासाठी एप्रिल २०२१ मध्ये नवे डिजिटल व्यासपीठ आले. एखाद्या भागात ताप अचानक वाढला, तर जिल्ह्याला आणि दिल्लीला ते लवकर दिसावे, हा त्यामागचा हेतू.

६/ संशय मात्र यंत्रामुळे संपत नाही. २ एप्रिल २०२० रोजी ‘आरोग्य सेतू’ आले आणि आपली माहिती कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न लगेच उभा राहिला. मे अखेरीस सरकारने त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा मूळ कोड खुला केला.

७/ गुहेतल्या वटवाघळांना विचारावे लागत नाही. माणसांना विचारावे लागते. सह्याद्रीच्या एखाद्या वाडीत आरोग्यसेविका दार वाजवते आणि विचारते, “घरात कुणाला ताप आहे का?” मागच्या वेळी खरे सांगणाऱ्या शेजाऱ्याचे पुढे काय झाले, ते आठवूनच घरचे उत्तर देतात. जिल्ह्याच्या पडद्यावर उमटणारा आकडा त्या उत्तरातूनच तयार होतो.