टीप-आधारित वेतन (अमेरिका)

ग्राहकाने खुशीने दिलेली बक्षिसी कायद्यानेच वेतनात धरण्याची पद्धत. आपल्याकडची दिवाळीची पोस्त पगाराच्या वर मिळते. इथे टीप पगाराची जागा घेते.

अमेरिकी संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. नियमित टीप मिळणाऱ्या वेटरला मात्र मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालते. उरलेले ५.१२ डॉलर टिपांतून येतात, असे मानले जाते. न आल्यास तूट मालकाने भरायची असते; पण ड्यूटी लावणारा तोच, मग मागायला जातो कोण? ही सवलत १९६६ च्या दुरुस्तीने आली. २.१३ चा आकडा तर १९९१ पासून हललेलाच नाही. कमाई अशी टिपांवरच अवलंबून असल्याने शनिवारची रात्र आणि सोमवारची दुपार यांच्या कमाईत मोठी तफावत पडते.

या प्रथेची मुळे खोल आहेत. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष तुटपुंज्या पगारावर नेमले. बाकी भिस्त प्रवाशांच्या टिपांवर. मालकाच्या नावावरून सगळ्यांना सरसकट ‘जॉर्ज’ अशीच हाक मारली जाई. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली. कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडले.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा काही राज्यांत पूर्ण किमान वेतन आधी आणि टीप वेगळी. मालकाने वा व्यवस्थापकाने कर्मचाऱ्यांच्या टिपा स्वतःकडे ठेवण्यास २०१८ पासून देशभर स्पष्ट मनाई आहे.