पिलेगातली खोप आणि करोनातली वाट

कोजागिरी जवळ आली की आमच्या मादन हिप्परग्याच्या आसपासच्या वाटांवर पायी निघालेली माणसं दिसू लागतात. कुणी मुरूम-नळदुर्गच्या अंगानं, कुणी अक्कलकोटकडून, सगळे तुळजापूरला. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की भवानी पलंगावर निद्रा घेते आणि पौर्णिमेला जागी होते. त्या वेळेला देवीच्या दारात असावं म्हणून कलबुर्गी-बिदरकडची हजारो माणसं चालतात. यात मराठी बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत, आणि आमच्यासारखे घरात एक व दारात दुसरी बोलणारेही आहेत.

२०२० साली ही वाट ओस पडली. महाराष्ट्रातली मंदिरं पाडव्यापर्यंत, म्हणजे १६ नोव्हेंबरपर्यंत बंद होती आणि कोजागिरी त्याआधीच येऊन गेली. आमच्या वाड्यातली एक आज्जी त्या दिवशी शिवेपर्यंत चालत गेली, तुळजापूरच्या दिशेला तोंड करून उभी राहिली, नारळ फोडला आणि परत आली. "आई झोपलीया, उठंल तवा जाऊ," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून आमच्या मनात एक प्रश्न घोळतो आहे. साथीच्या दिवसांत आपली जुनी माणसं चालत होती की घरात बसत होती?

जुन्यांना पहिली ओळख पटकीची. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली ही साथ पुढच्याच वर्षी मुंबईला पोचली आणि त्यानंतर शंभर वर्षं आपल्याकडे येत-जात राहिली. पटकी पसरते ती घाण पाण्यातून. वारकऱ्याच्या चालण्यात काही दोष नव्हता, पण मुक्कामाला हजारो माणसं एकाच वाळवंटात उतरत आणि तेच पाणी पीत. म्हणून यात्रा म्हटली की सरकारला धडकी भरे. गावोगावी लोकांनी आपल्या परीनं मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडला. पुढच्या गावानं तो आणखी पुढे ढकलायचा! शेजारधर्माच्या दृष्टीनं हे काही फार शोभणारं नव्हतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पिलेगाची गोष्ट वेगळी. आमची आजोबांची पिढी प्लेगला पिलेगच म्हणे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. तिथून तो रेल्वेबरोबर पसरत गेला. सोलापूर, गुलबर्गा, वाडी, रायचूर ही मुंबई-मद्रासची लोहमार्गाची वाट १८७१ पासूनच सुरू होती, त्यामुळे आमचा मुलूख निजामाच्या राज्यात असला तरी मुंबईपासून लांब राहिलेला नव्हता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश हिंदुस्थानात साथरोगांचा कायदा झाला. त्याच्या जोरावर पुण्यात रँडच्या अमलाखाली घरं उघडून तपासली गेली, माणसं छावण्यांत नेली गेली. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाला, ते मराठी माणसाला सांगायला नको.

पण त्याच पुण्याच्या कडेला दुसरं एक काम चाललं होतं. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर, शहरापासून दूर मोकळ्या रानात दवाखाना काढला. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथं चालत गेल्या. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दवाखाना रानात घालायचा, हे त्या मायलेकांना शिकवावं लागलं नाही.

आमच्याकडेही तेच. घरात उंदीर पडू लागले की माणसं भांडीकुंडी, जनावरं, पोरंबाळं घेऊन गाव सोडत आणि मळ्यात खोप घालून राहत. कडब्याचा आडोसा, वर पाचट, पुढं चूल. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं उंदरावरच्या पिसवांचं कोडं उलगडलं, पण लोकांना कारण न कळताही उपाय सापडला होता. गाव हेच दुखणं होतं आणि रान हे औषध. दिवसभर रानात हिंडा, कामं करा, पण गावच्या गल्लीत पाऊल टाकू नका, असा तो नेम होता.

१९१८ ची मानमोडी मात्र या शहाणपणाला पुरून उरली. महायुद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर ती मुंबईत उतरली आणि पावसाळ्यानंतर तिची दुसरी लाट देशभर फिरली. अखंड हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या वर माणसं गेल्याचा अंदाज आहे. ती श्वासाबरोबर जात होती. खोपीत राहूनही एकाला झाली की सगळ्यांना होई.

आता २०२०. देशातला करोनाचा पहिला नोंदलेला मृत्यू आमच्या कलबुर्गीचा, मार्च महिन्यातला. त्या आठवड्यात सोलापूरचे पाहुणे फोन करून विचारत, "तुमच्याकडं काय झालंय?" पुढच्या दोन महिन्यांत तोच प्रश्न आम्ही त्यांना विचारू लागलो. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे आदेश निघाले, ते त्याच १८९७ च्या कायद्याखाली.

पहिल्या टाळेबंदीत सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी रस्त्यावर उठाबशा काढायला लावल्या. आम्हीही ती चित्रं मोबाइलवर पाहून हसलो. १९ मेपासून कर्नाटकात बागा सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात उघडल्या. जूनच्या सुरुवातीला महाराष्ट्रानं मोकळ्या जागी चालण्या-धावण्याला परवानगी दिली आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर इतकी झुंबड उडाली की पुन्हा बंदी घालू, असा इशारा मुख्यमंत्र्यांना द्यावा लागला. दोन तासच फिरा म्हटलं की सगळं शहर त्याच दोन तासांत बाहेर पडणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल का? मोकळी हवा चांगली, पण ती घ्यायला सगळे एकाच कट्ट्यावर आले तर तिचा काय उपयोग.

हे आम्ही लांबून बोलत नाही. त्या मे महिन्यात आमची नेमणूक आळंद तालुक्याच्या हद्दीवरच्या एका नाक्यावर होती. रात्रंदिवस मुंबई-पुण्याकडून माणसं येत होती. काही ट्रकनं, काही टेम्पोनं आणि बरीचशी पायी. एका पहाटे आमच्याच गावचा एक जण आला. पुण्याहून निघाला होता. मधे कुणी थोडं वाहन दिलं, बाकी चालला होता. बरोबर बायको आणि खांद्यावर पोरगी. चपलांचे पट्टे सुतळीनं बांधलेले. आम्हाला ओळखून त्याला हायसं वाटलं.

"अण्णा, गावात येत नाय मी. आमच्या रानात खोप घालतो. चौदा दिवस कुणाच्या म्होरं येणार नाय. आमच्या आज्यानं पिलेगात तसंच केलंतं."

आम्ही त्याला नाही म्हटलं. आदेश होता, परगावचे सगळे शाळेत ठेवायचे. वरच्यांना विचारलं, तेही नाहीच म्हणाले. शाळेच्या दोन खोल्यांत तीसच्या वर माणसं होती. नळ एक, संडास दोन, पंखे बंद. आठवड्यानं तपासणी झाली तेव्हा त्या खोलीतल्या चौघांना बाधा निघाली, त्यात तो आणि त्याची बायको. लागण वाटेत झाली की वर्गात, हे कुणाला ठरवता येणार नाही. पण इतके दिवस उघड्यावर चालून आलेल्या माणसाला आम्हीच दार लावून गर्दीत बसवलं, हे खरं आहे. दोघं बरे झाले. पुढे नियम सैल होत गेले आणि काही जणांना रानात राहू दिलं गेलं, तोवर त्याचे दिवस भरले होते.

बरं, तेव्हा आम्ही आदेश मोडायला हवा होता का? नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला याचं उत्तर सोपं नाही. पण आदेशात 'रानात सोय असल्यास' एवढे तीन शब्द घाला म्हणून वर लेखी कळवता आलं असतं. गावच्या चावडीवरचा कुठलाही म्हातारा ते सांगू शकला असता. आम्ही कुणाला विचारलं नाही आणि कळवलंही नाही.

त्याच सालचे गणपती आठवतात. लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. महाराष्ट्रात सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरची दोन फुटांची, असा नेम झाला. आम्ही गल्लीत आरती केली ती आपापल्या दारात उभं राहून, झांजेच्या तालावर. एका दारातून दुसऱ्या दारात आवाज जाईपर्यंत कडवं पुढे सरकलेलं असे.

२०२२ च्या कोजागिरीला वाट पुन्हा भरली. आम्हीही दोन मुक्काम चाललो. आज्जी त्या वर्षी नव्हती. दुसऱ्या लाटेत गेली. नळदुर्गच्या अलीकडे पहाटे एका टपरीवर तो शाळेतला माणूस भेटला, पोरगी आता स्वतःच्या पायांनी चालत होती. आम्ही काही बोलणार, एवढ्यात त्यानंच चहाचे दोन पेले सांगितले. पैसेही त्यानंच दिले. मग उजाडायच्या आत पुढचा टप्पा गाठायचा म्हणून आम्ही बरोबरच निघालो.