मांद्रेचे धाकटे डॉक्टर

मांद्रे म्हटले की आम्हा पेडणेकरांना डॉ. भाऊ दाजी लाड आठवतात. मुंबईच्या राणीच्या बागेतील संग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव मिळाले. त्यांचे धाकटे बंधू, डॉ. नारायण दाजी, मात्र कुणाच्या ओठी नाहीत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढे तिच्या कार्यकारिणीत हे नारायणराव होते, आणि आपल्या माणसांचे चेहरे ते टिपत होते.

काम सोपे नव्हते. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, तो सुकण्याआत फोटो घेऊन काच धुवायची. मुंबईच्या उकाड्यात म्हणजे धावपळच! समोरच्याने मात्र हलायचे नाही. मानेमागे लोखंडी टेकू. चेहऱ्यासाठी त्या काळी नावाजलेले भिंग पेट्झव्हालचे, व्हिएन्नात १८४० साली रचलेले. ते उजेड भरपूर घेई, म्हणून बसण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. मधला चेहरा रेखीव, कडा मात्र धूसर. पागोट्याचे टोक पुसट दिसते ते त्यामुळे; फोटो बिघडलेला नसतो.

शिवाय त्या काचेला तांबडा रंग दिसत नसे. पुढे कोरड्या काचा आल्या, तरी बराच काळ हीच गत. आमच्या पणजोबांच्या फोटोतले काळे पागोटे पाहून आत्या म्हणे, ‘‘सुतकात काढलाय.’’ पागोटे तांबडे असणार. आणि ती रोखलेली नजर? रागाची नव्हे, श्वास धरून बसल्याची. डिचोलीकडे कुणाच्या माजघरात असा जुना फोटो असेल, तर पायांमागे नीट पाहा. कधीकधी टेकूची बैठक दिसते.