इल बॉस (१९७३ चित्रपट)

इल बॉस हा फेर्नांदो दी लेओ यांनी दिग्दर्शित केलेला आणि १९७३ साली प्रदर्शित झालेला इटालियन गुन्हेगारीपट आहे. सिसिलीतील पालेर्मो शहरात घडणाऱ्या या चित्रपटाच्या केंद्रस्थानी निक लान्झेत्ता हा माफिया टोळीचा मारेकरी असून ही भूमिका अमेरिकन अभिनेते हेन्री सिल्वा यांनी साकारली आहे. मिलानो कालिब्रो ९ (१९७२) आणि ला माला ऑर्दिना (१९७२) या चित्रपटांसह इल बॉस मिळून दी लेओ यांची गुन्हेगारी जगतावरील चित्रपटत्रयी बनते. तिन्ही चित्रपटांच्या कथा व पात्रे स्वतंत्र आहेत. पहिले दोन मिलान शहरात घडतात, तर तिसरा माफियाच्या मूळ भूमीत.

मर्यादित खर्चात बनलेल्या या चित्रपटाविषयी प्रेक्षकांत मतभेद आहेत. ज्याच्याविषयी सहानुभूती वाटावी असे एकही पात्र चित्रपटात नाही. हीच काहींना त्याची उणीव वाटते, तर काहींना त्याचे सामर्थ्य.

पार्श्वभूमी

१२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानमधील पियात्सा फोंताना येथील बँकेत झालेल्या बॉम्बस्फोटानंतर इटलीत राजकीय हिंसाचाराचे दीर्घ पर्व सुरू झाले. अपहरणे, दरोडे आणि टोळीयुद्धे यांच्या बातम्या रोजच्या झाल्या. या वातावरणात १९७० च्या दशकात पोलीस व गुन्हेगार यांच्या संघर्षावरील चित्रपटांची लाट आली. पोलित्सियोत्तेस्को या नावाने ओळखले जाणारे हे चित्रपट कमी खर्चात व थोड्या दिवसांत तयार होत. शहरातील खरे रस्ते, खऱ्या इमारती आणि प्रत्यक्ष रहदारीतील पाठलाग ही त्यांची वैशिष्ट्ये होती.

या लाटेतील अनेक चित्रपटांचा नायक कायद्याच्या मर्यादांनी वैतागलेला प्रामाणिक पोलीस अधिकारी असे. दी लेओ यांनी मात्र कथा गुन्हेगारांच्या बाजूने सांगितली. १९३२ साली दक्षिण इटलीतील पुल्या प्रांतात जन्मलेल्या दी लेओ यांनी त्याआधी अनेक इटालियन वेस्टर्न चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या होत्या. इल बॉसची पटकथा त्यांनी पीटर मॅककर्टिन यांच्या कादंबरीवरून रचली.

कथानक

प्रारंभीच्या प्रसंगात अत्तार्दी टोळीचे लोक खासगी प्रेक्षागृहात चित्रपट पाहत असतात. लान्झेत्ता तेथे शिरून स्फोटक गोळे डागणाऱ्या बंदुकीने त्यांचा संहार करतो. सूड म्हणून कोक्की हा विरोधी म्होरक्या लान्झेत्ताचा आश्रयदाता डॉन जुझेप्पे दानिएल्लो याच्या मुलीचे, रिनाचे अपहरण करवतो. अपहरणकर्त्यांशी कोणतीही तडजोड करू नये, असा टोळीचा सर्वोच्च प्रमुख डॉन कोर्रास्को याचा आदेश असतो. मुलीच्या जिवासाठी व्याकूळ झालेला दानिएल्लो त्यामुळे स्वतःच्याच टोळीला धोकादायक ठरतो आणि ज्याने आपल्याला वाढवले त्यालाच संपवण्याची कामगिरी लान्झेत्तावर येते.

पुढे शहरातील रक्तपात थांबावा असा राजकीय वर्तुळातून दबाव येऊ लागतो. कोर्रास्को शत्रूशी समझोता करण्याच्या बेतात असतो आणि लान्झेत्ता आता अडसर ठरतो. पोलीस आयुक्त तोर्री हा टोळीच्याच पगारावर असल्याने कायद्याकडूनही न्यायाची आशा उरत नाही. निष्ठेची भाषा सर्वांच्या तोंडी असते, पण निष्ठा कोणीच पाळत नाही.

कलाकार व तंत्रज्ञ

हेन्री सिल्वा यांच्याखेरीज रिचर्ड काँटे (डॉन कोर्रास्को), जान्नी गार्को (तोर्री), आंतोनिया सांतिल्ली (रिना), क्लाउदिओ निकास्त्रो (दानिएल्लो), पिएर पाओलो काप्पोनी (कोक्की), मारिनो मासे (पिन्यातारो), कोर्रादो गाइपा (वकील रित्सो) आणि वित्तोरिओ काप्रिओली यांच्या भूमिका आहेत. काँटे आणि गाइपा हे दोघेही आदल्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या द गॉडफादर या चित्रपटात होते. त्यात काँटे यांनी बार्झिनी, तर गाइपा यांनी डॉन तोमासिनो ही पात्रे रंगवली होती. गार्को हे इटालियन वेस्टर्न चित्रपटांतील सार्ताना या नायकामुळे लोकप्रिय होते. त्यांना भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत पाहणे तत्कालीन प्रेक्षकांसाठी अनपेक्षित होते.

छायाचित्रण फ्रांको व्हिला यांचे, तर संगीत लुईस बाकालोव्ह यांचे आहे. बाकालोव्ह यांना पुढे इल पोस्तिनो या चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला.

प्रेक्षकांची मते

चित्रपटाची सुरुवात हा सर्वाधिक प्रशंसा झालेला भाग आहे. पात्रांची ओळख होण्यापूर्वीच घडणारे हे हत्याकांड फारसे संवाद न वापरता चित्रित केले आहे. पडद्यावर चित्रपट पाहणारी माणसे पडद्यावरच मारली जातात, त्यामुळे प्रेक्षागृहात बसलेला प्रेक्षकही अस्वस्थ होतो. मात्र पहिल्या काही मिनिटांत गाठलेली ही उंची पुढे टिकत नाही, अशी तक्रारही वारंवार केली जाते. मध्यंतरीचा बराच काळ बंद खोल्यांतील संवादांत जातो. वेगवान पाठलागाच्या अपेक्षेने आलेल्यांना हा भाग रेंगाळलेला वाटतो. उलट पक्षाच्या मते चित्रपटाचा गाभा याच संवादांत आहे. खून हे येथे साहस नसून कारभाराचा एक भाग आहे आणि त्याचे निर्णय मेजाभोवती बसून घेतले जातात, हे त्यांतूनच उमगते.

सिल्वा यांच्या अभिनयाविषयीही असाच मतभेद आहे. त्यांचा चेहरा जवळजवळ संपूर्ण चित्रपटात निर्विकार राहतो. काहींना हा अभिनयाचा अभाव वाटतो. इतरांच्या मते आश्रयदात्याला मारतानाही न हलणारा तो चेहरा पात्राविषयी बरेच काही सांगून जातो. द गॉडफादरमध्ये कुटुंब, विवाह व धर्मविधी यांमुळे माफियाला लाभलेली भारदस्त छटा येथे पूर्णपणे पुसली आहे. लान्झेत्ताला घर नाही, भूतकाळाची ओढ नाही आणि पश्चात्तापही नाही.

सर्वांत तीव्र आक्षेप रिनाच्या चित्रणावर घेतला जातो. अपहरणानंतर तिच्यावर होणारे लैंगिक अत्याचार आणि त्यांना तिने दिलेला प्रतिसाद यांची मांडणी स्त्रीद्वेषी असल्याचे मत आजच्या प्रेक्षकांत व्यापक आहे. चित्रपटाचे चाहतेही या भागाचे समर्थन करताना संकोचतात. श्रीमंत गुन्हेगाराच्या घरातील पोकळपणा दाखवणे हा दिग्दर्शकाचा हेतू होता, असा बचाव कधीकधी केला जातो. परंतु पुरुष पात्रांच्या क्रौर्याला जशी कारणे दिली आहेत तशी रिनाच्या वागण्याला दिलेली नाहीत, हा आक्षेप त्याने दूर होत नाही.

कमी खर्चाच्या खुणा चित्रपटात दिसतात. मोजकी स्थळे, मर्यादित गर्दी आणि काही ठिकाणी घाईचे चित्रण यांचा उल्लेख टीकेत येतो. त्या काळच्या इटालियन पद्धतीनुसार संवाद नंतर ध्वनिमुद्रित केल्यामुळे ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ अनेकदा बसत नाही. इटालियन आवृत्ती पाहावी की इंग्रजी, यावरही चर्चा होते. इटालियन आवृत्तीत स्थानिक वातावरण टिकते, म्हणून अनेकजण तीच पसंत करतात. बाकालोव्ह यांच्या रॉक वळणाच्या संगीताबद्दल मात्र बहुतेक मते अनुकूल आहेत.

राजकीय आशय

पोलीस, वकील व राजकारणी हे गुन्हेगारीचे विरोधक नसून भागीदार आहेत, हे चित्रपटाचे मुख्य विधान आहे. पोलीस प्रमुख आणि तोर्री यांच्यातील प्रसंगांत ते उपरोधाने मांडले आहे. काही प्रेक्षकांना ही मांडणी एकांगी व निराशावादी वाटते. समर्थकांच्या मते, या लाटेतील अन्य चित्रपट एका कर्तबगार अधिकाऱ्याच्या बंदुकीतून सुटका सुचवत असताना दी लेओ यांनी ती सोपी वाट नाकारली. एक प्रमुख मेला तरी त्याची खुर्ची रिकामी राहत नाही, या भावनेवर चित्रपट संपतो.

पुनर्मूल्यांकन

ही त्रयी दीर्घकाळ केवळ करमणुकीचा माल म्हणून गणली जात होती. अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनो यांनी दी लेओ यांचे ऋण जाहीरपणे मान्य केल्यानंतर तिच्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले. १ डिसेंबर २००३ रोजी दी लेओ यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी व्हेनिस चित्रपट महोत्सवात दुर्लक्षित इटालियन चित्रपटांचा विशेष विभाग झाला, त्यात त्यांच्या चित्रपटांचा समावेश होता. २०११ साली इल बॉससह चार गुन्हेगारीपटांचा संच अमेरिकेत प्रकाशित झाला व इटलीबाहेरील नव्या पिढीला तो पाहणे सुलभ झाले.

त्रयीमध्ये मिलानो कालिब्रो ९ हा सर्वांत घट्ट बांधणीचा चित्रपट मानला जातो, तर इल बॉसची गणना सर्वांत निर्दय चित्रपट म्हणून होते. सिल्वा यांचे सप्टेंबर २०२२ मध्ये निधन झाले. त्यांच्या इटलीतील कारकिर्दीतील महत्त्वाच्या भूमिकांत लान्झेत्ताचा समावेश केला जातो.