कॅप्टन नेमोचें मूळ गांव



फावल्या वेळीं वाचण्याजोग्या अद्भुत आणि शास्त्रीय कादंबऱ्या कोणत्या, असा प्रश्न वाचनाची आवड असलेले स्नेही मला वारंवार विचारतात. नांवें पुष्कळ सांगतां येतील. परंतु आज मी ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) या फ्रेंच ग्रंथकाराच्या दोन कादंबऱ्यांचीच शिफारस करणार आहें. त्या दोहोंना जोडणारा धागा आपल्या देशांतून जातो, आणि इंग्रजी वाचकांच्या हातीं तो बदललेल्या रंगानें आला, हें त्याचें कारण होय.

पहिली कादंबरी ‘समुद्राखालीं वीस हजार लीग’. ती १८६९–७० या काळांत क्रमशः प्रसिद्ध झाली. नांवावरून ही समुद्राची खोली असावी, असा पुष्कळांचा समज होतो. तो बरोबर नाहीं. वीस हजार लीग, म्हणजे सुमारें ८०,००० किलोमीटर, हें पाण्याखालून केलेल्या प्रवासाचें अंतर आहे. हा प्रवास ‘नॉटिलस’ या ७० मीटर लांबीच्या, विजेवर चालणाऱ्या पाणबुडींतून होतो. तिचा नायक कॅप्टन नेमो. लॅटिन भाषेंत ‘नेमो’ म्हणजे ‘कोणी नव्हे’. त्याचा देश कोणता, त्यानें जगाकडे पाठ कां फिरविली, हें या पुस्तकांत व्हर्न सांगत नाहीं. मात्र एक खूण ठेवतो. सिंहलद्वीपाजवळ मोत्यांसाठीं बुडी मारणाऱ्या एका गरीब हिंदी मनुष्यावर शार्क मासा चाल करून येतो. नेमो स्वतःचा जीव धोक्यांत घालून त्याला वाचवितो आणि मोत्यांची थैली त्याच्या हातावर ठेवतो. हा मनुष्य दडपलेल्या लोकांपैकीं आहे, आणि आपणही अखेरच्या श्वासापर्यंत त्यांच्यांतलेच, असें तो नंतर सांगतो.

वस्तुतः व्हर्नच्या मनांत प्रथम नेमो हा पोलंडचा सरदार होता. १८६३ सालीं पोलंडनें रशियाविरुद्ध उठाव केला आणि तो निर्दयपणें मोडला गेला; त्याचा सूड घेणारा हा पुरुष. परंतु व्हर्नचा प्रकाशक हेत्झेल यास रशियाची नाराजी आणि तेथील विक्रीचें नुकसान नको होतें. त्यानें हरकत घेतली, आणि नेमो बिनदेशाचा राहिला.

त्याला देश मिळाला तो दुसऱ्या कादंबरींत. ‘गूढ बेट’ ही ती कादंबरी १८७४–७५ या काळांत निघाली. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं, १८६५ च्या मार्च महिन्यांत, पांच कैदी विमानफुग्यांतून पळतात आणि एका निर्जन बेटावर पडतात. जवळ हत्यार नाहीं, अवजार नाहीं. इंजिनियर सायरस स्मिथ दोन घड्याळांच्या कांचा जोडून, मध्यें पाणी भरून भिंग बनवितो आणि सूर्यकिरणांनीं विस्तव पेटवितो. एका मुलाच्या खिशाच्या अस्तरांत गव्हाचा एक दाणा सांपडतो. त्यापासून पहिल्या पिकास ८०० दाणे, दुसऱ्यास ६,४०,०००, असा हिशेब इंजिनियर मांडतो, तेव्हां खलाशी थक्क होतो. विटा, लोखंड, स्फोटक द्रव्य, सर्व कांहीं हे लोक क्रमाक्रमानें स्वतः करतात. ज्ञान म्हणजे काय, हें मुलांना समजावयाचें असेल, तर याहून चांगलें पुस्तक मला ठाऊक नाहीं.

मात्र संकटसमयीं कोणी अज्ञात हात त्यांना साह्य करीत असतो. तो हात म्हाताऱ्या नेमोचा. मरतेसमयीं तो आपली हकीकत सांगतो: तो बुंदेलखंडांतील एका राजाचा पुत्र, राजपुत्र डक्कर. युरोपांत शिकला, मायदेशीं परतला, १८५७ च्या युद्धांत वीस चकमकींत लढला, दहा वेळां जखमी झाला. बायकामुलें गेलीं, देश पुन्हा पारतंत्र्यांत पडला. मग निवडक साथीदार घेऊन तो समुद्रांत उतरला. हस्तलिखितांत त्याच्या ओठांवरचा शेवटचा शब्द ‘स्वातंत्र्य’ हा होता. प्रकाशकाच्या आग्रहामुळें छापील पुस्तकांत त्याच्या जागीं ईश्वर आणि देश यांचें नांव आलें.

आतां मुख्य गोष्ट. या पुस्तकाचें १८७५ सालचें इंग्रजी भाषांतर किंग्स्टन या नांवानें प्रसिद्ध झालें. त्यांत डक्करची हकीकत पार पालटली आहे. इंग्रजांनीं हिंदुस्थानास अराजकांतून सोडवून शांतता व भरभराट दिली. अडाणी आणि भोळसट प्रजा मात्र मतलबी राजांच्या भरीं पडली, असा मजकूर तेथें आहे. व्हर्ननें लिहिलेल्या हकीकतीशीं याचा मेळ नाहीं.

मीं शाळेंत हेंच भाषांतर मुलांना समजावून सांगत असें. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, आपल्याच लोकांसाठीं लढलेल्या या राजपुत्राच्या कथेंत त्याचे लोक मूर्ख कसे?” मीं त्यास, पुस्तकांत आहे तें खरें, असें सांगून खालीं बसविलें. तो मुलगा बरोबर होता, हें मला निवृत्तीनंतर कळलें. त्याची क्षमा मागण्याची संधि मिळाली नाहीं. म्हणून ही कबुली येथें देत आहें.

तथापि व्हर्नला इतिहासकार समजूं नये. तो हिंदुस्थानांत कधींच आला नव्हता. म्हैसूरच्या टिपूचा पुतण्या बुंदेलखंडचा राजपुत्र कसा, याचा उलगडा तो करीत नाहीं. दोन्ही कादंबऱ्यांतील सालें परस्परांशीं जुळत नाहींत. आणि १८८० च्या ‘वाफेचें घर’ या कादंबरींत त्यानेंच नानासाहेब पेशव्यांना क्रूर सूडकऱ्याच्या रूपांत उभें केलें आहे. कल्पना सत्याची वाट दाखविते. सत्य मात्र आपणच शोधावें लागतें.

म्हणून माझी शिफारस क्रमानें अशी. आधीं ‘वीस हजार लीग’ वाचावी, नंतर ‘गूढ बेट’. इंग्रजींतून वाचावयाचें, तर १८७५ चें भाषांतर टाळून २००१ सालीं निघालेल्या दोन संपूर्ण भाषांतरांपैकीं कोणतेंही घ्यावें. लहानांसाठीं भा. रा. भागवत यांनीं व्हर्नच्या कादंबऱ्या रसाळ मराठींत आणल्या आहेत. शेवटीं वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ जवळ घ्यावा. दक्षिणेसाठीं उत्तरेकडे निघालेला हा कोंकणचा भिक्षुक वेढ्याच्या दिवसांत झांशींत, म्हणजे बुंदेलखंडांतच होता. चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. व्हर्ननें बुंदेलखंड न पाहतां लिहिलें. विष्णुभटजींनीं तो जळतांना पाहिला. हीं दोन्ही पुस्तकें एका फळीवर असावींत, आणि मुलांनीं त्यांवर प्रश्न विचारले, तर त्यांना खालीं बसवूं नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.