नाडीपासून पडद्यापर्यंत

इंदूरच्या राजेंद्रनगरात मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. तेथील एखाद्या घरी आज व्यायामाची सायकल किंवा ट्रेडमिल दिसली, तर त्यात नवल नाही. घरातील वडीलधारे गृहस्थ छातीला पट्टा बांधून सायकलीवर बसतात आणि त्यांच्या हृदयाचे ठोके समोरच्या पडद्यावर आकड्यांत उमटतात. मध्ये तार कोठेही नसते. हा आकडा तेथवर कसा पोहोचला आणि तो कितपत मानावा, हे दोन प्रश्न विचारात घेण्याजोगे आहेत.

आपल्या शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल साप, जळू, बेडूक, कावळा, हंस यांच्या चालींशी ताडून सांगितली आहे. नाडी कशी चालते, हा तेथील प्रश्न होता. ती किती वेळा उडते, हा नव्हे. हा दुसरा प्रश्न सतराव्या शतकाच्या आरंभी इटालियन वैद्य सांतोरिओ यांनी हाती घेतला. लंबकाचा झोका रुग्णाच्या नाडीशी जुळेपर्यंत ते त्याची दोरी कमीजास्त करीत, आणि त्या दोरीची लांबी हेच नाडीचे माप ठरे. पुढे १७०७ साली इंग्लंडमधील वैद्य जॉन फ्लॉयर यांनी नेमके एक मिनिट चालणारे घड्याळ वापरून नाडी मोजण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. येथून नाडीला आकडा मिळाला.

तो आकडा दूर पाठवण्याचे श्रेय मात्र हॉलंडच्या लायडन नगरीतील विलेम आइंटहोवेन यांच्याकडे जाते. हृदयाच्या विद्युत्‌स्पंदनांचा आलेख काढणारे त्यांचे यंत्र इतके अवजड होते की, ते रुग्णशय्येपाशी नेणे अशक्य होते. तेव्हा १९०५ च्या सुमारास त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून रुग्णाची स्पंदनेच टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेत आणली. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तार गेली ती फिनलंडमध्ये. सेप्पो सायनायाकांगस यांनी १९७७ साली स्थापन केलेल्या पोलर या कंपनीने १९८२ मध्ये छातीवरील पट्ट्याकडून मनगटावरील घड्याळाकडे बिनतारी संदेश पाठवणारे साधन विक्रीस आणले. अशा पट्ट्यांचा संदेश जेमतेम हातभर अंतर जाई. परंतु दोन धावपटू शेजारी आले की एकाचे ठोके दुसऱ्याच्या घड्याळात दिसू लागत! यावर उपाय म्हणून संदेशांना सांकेतिक खुणा देण्यात आल्या. पुढे २०११ मध्ये ब्लूटूथ पद्धतीत हृदयाच्या ठोक्यांसाठी सर्वमान्य नियम ठरले, आणि एका कंपनीचा पट्टा दुसऱ्या कंपनीच्या सायकलीशी बोलू लागला. आधी ओळख, मग संदेश, हाच या जोडणीचा अर्थ.

तथापि यंत्राला ओळख पटते ती पट्ट्याची, माणसाची नव्हे. पतीचा पट्टा पत्नीने बांधला, तरी यंत्र पतीचेच वय धरून हिशेब करील. पट्टा कोरडा असेल तर विद्युत्‌स्पंदने नीट पोहोचत नाहीत आणि आकडा भरकटतो. म्हणून तो ओला करून बांधावा लागतो.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. २२० मधून वय वजा केले की हृदयाची कमाल गती मिळते, हा हिशेब १९७१ मध्ये सॅम्युअल फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनातून रूढ झाला. ती केवळ ढोबळ सरासरी आहे. पासष्टीच्या माणसासाठी ती १५५ भरते. पण दोन समवयस्कांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर जातीची औषधे तर हृदयाची गती मुद्दाम कमी राखतात. असे औषध घेणाऱ्याने पडद्यावरचा आकडा गाठण्याच्या हट्टाने पाय मारीत राहणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. त्याची मर्यादा त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावी.

म्हणून यंत्र अवश्य वापरावे, पण जुनी विद्या सोडू नये. व्यायाम थांबवताच मनगटावर दोन बोटे ठेवावीत, पंधरा सेकंद ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. पडद्याशी मेळ बसला तर उत्तम. मात्र छातीत दुखू लागले, धाप आवरेना किंवा भोवळ आली, तर पडदा काहीही म्हणो, तत्काळ थांबावे व डॉक्टरांना गाठावे. आकडा हा साक्षीदार आहे. निवाडा देण्याचा अधिकार त्याला नाही.