औंढ्याची न भरलेली यात्रा

सिद्धेश्वर धरणाच्या आसपासच्या गावांना महाशिवरात्र म्हटली की औंढ्याच्या नागनाथ मंदिराची वाट आठवते. 2021 साली शिवरात्र 11 मार्चला आली आणि कोरोनामुळे यात्रा भरली नाही. त्याआधी 1 ते 7 मार्च हिंगोली जिल्ह्यात संचारबंदी होती. ती सगळी खबरदारी व्यर्थ गेली, असे मत आज सर्रास ऐकू येते. मला ते साफ चुकीचे वाटते. पण खोडून काढण्याआधी ते पुऱ्या ताकदीनिशी मांडणे हा वादाचा धर्म आहे.

पूर्वपक्ष असा. 15 जानेवारी 2021 रोजी राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, प्रचार झाला, निकालाचा गुलाल उधळला. बंदी मात्र देवाच्या दारी. 2020 च्या दिवाळीत लोक बाजारात लोटले, 16 नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी मंदिरे उघडली, तरी लगेच लाट उसळली नाही. उलट मार्चमध्ये दारे लावूनही एप्रिलमध्ये ती आलीच. यात्रा मोकळ्या हवेत भरते, मग भय कसले? आणि शेवटी, परंपरा खंडित झाली ती झालीच.

मोकळ्या हवेचा मुद्दा आधी घेऊ. औंढ्याचे दर्शन ज्याने घेतले आहे, त्याने हा युक्तिवाद करावा याचे नवल वाटते. नागनाथाचे लिंग तळघरात आहे. अरुंद वाटेने, अंग चोरून खाली उतरावे लागते. आत मोजकीच माणसे मावतात, हवा कोंडलेली असते. श्वासातून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा कोणती? शिवाय यात्रेकरू मैदानात उगवत नाहीत. ते भरलेल्या जीपमधून आणि एसटीतून येतात, पंगतीला बसतात, रात्री एका छताखाली दाटीने निजतात. मैदान मोकळे असते. यात्रा मोकळी नसते.

दिवाळीचा दाखला वरवर भक्कम दिसतो. पण त्या दिवाळीपर्यंत मंदिरे बंदच होती, शाळा बहुतांशी बंद होत्या, लोक मास्क लावत होते. खबरदारीत काढलेल्या दिवसांचे फळ पुढे करून खबरदारीच अनावश्यक होती म्हणणे, हा हेत्वाभास आहे. मार्चपर्यंत विषाणूही तो राहिला नव्हता. पुढे ज्याला डेल्टा नाव मिळाले, तो अधिक वेगाने पसरणारा प्रकार तोवर राज्यात शिरला होता.

‘तरीही लाट आलीच’ या आक्षेपात तर प्रश्नच चुकला आहे. लाट येऊच नये म्हणून यात्रा थांबवली होती काय? रुग्ण एकाच आठवड्यात दवाखान्यांवर कोसळू नयेत, हा हेतू होता. 18 एप्रिल 2021 रोजी महाराष्ट्रात एका दिवसात 68 हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. राज्यात तयार होणारा ऑक्सिजन पुरेना, बाहेरून टँकर आणावे लागले. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातला अत्यवस्थ रुग्ण एरवीही नांदेडची वाट धरतो. त्या दिवसांत नांदेडलाच खाट मिळेना, तर त्याने जायचे कुठे? आगीत घर जळाले म्हणून आधी बाहेर काढलेले धान्य व्यर्थ ठरत नाही.

निवडणुकांचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. निवडणुकांना मुभा आणि देवाच्या दारी बंदी, हा अन्यायच होता. पण त्यातून निघते काय? निवडणूक पुढे ढकलायला हवी होती, एवढेच. एका चुकीने दुसरी चूक करण्याचा हक्क मिळत नाही.

आता परंपरा. नागनाथाची पूजा थांबली नव्हती. थांबली ती गर्दी. 2020 च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा वारी बुडाली असे वारकऱ्यांनी म्हटले नाही. आणि औंढ्याने तरी हा आक्षेप घेऊ नये. याच जिल्ह्यातल्या नर्सीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या नामदेवांची कथा इथे पोराटोरांना पाठ आहे. त्यांना कीर्तनासाठी देवळासमोरून उठवून मागे धाडले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे वळले. नामदेवांना उठवणे हा अन्याय होता आणि 2021 चे बंद दार ही सर्वांसाठी सारखी, तात्पुरती खबरदारी होती. या दोन्हींची तुलना मी करत नाही. मी कथेचे तात्पर्य विचारतो. उंबऱ्यापासून दूर बसलेल्याची भक्ती उणी पडते, असे ही कथा सांगते काय? ती नेमके उलट सांगते, आणि पिढ्यान्‌पिढ्या औंढेकर ती अभिमानाने सांगत आले आहेत.

एक तक्रार मात्र उरते, आणि माझ्याकडे तिचे खंडन नाही. बेलफूल, प्रसाद, खेळणी, पाळणे यांवर जगणाऱ्यांचे त्या वर्षी हाल झाले. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाल्यांना 1,500 रुपये जाहीर केले. गावोगावच्या जत्रा करत फिरणाऱ्या पाळणेवाल्याची नोंद कोणत्या नगरपालिकेत असणार? खबरदारीचा खर्च ज्यांच्याकडे सर्वांत कमी होते, त्यांच्याकडूनच वसूल झाला. यात्रा भरवायला हवी होती, असे म्हणणाऱ्यांनी आपला सगळा जोर या भरपाईच्या मागणीमागे लावला असता, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.